पालघर ते तारापूर : एका जुन्या मोटारीचे पाटे

पालघरहून तारापुरास जाऊं इच्छिणाऱ्या वाचकास एक गोष्ट आधींच सांगून ठेवलेली बरी. जगाला ठाऊक असलेलें तारापूर निराळें आणि तारापूर नांवाचें गांव निराळें. अणुविद्युत् केंद्राला नांव तारापूरचें, औद्योगिक वसाहतीलाही नांव तारापूरचें. परंतु त्या दोहोंकडे जावयाचें तर आगगाडींतून उतरावें लागतें तें बोईसरला, आणि तेथें काम करणारीं माणसें राहतात, बाजारहाट करतात तींही बहुतेक बोईसरलाच. खरें तारापूर त्याच्याही पुढें, समुद्राच्या कांठीं, आपल्या जुन्या किल्ल्याला टेकून निवांत बसलें आहे. खाडी ओलांडली कीं चिंचणी. किल्ला मूळचा पोर्तुगिजांचा. 1739 च्या आरंभीं चिमाजी अप्पांच्या फौजेनें तो घेतला. आमचें वडिलोपार्जित घर या खऱ्या तारापुरांत आहे. कुटुंब पालघरला राहावयास आल्यास पुष्कळ वर्षें झालीं. तथापि महिन्यांतून एकदां तें घर उघडून, झाडून, विहिरीचें पाणी उपसून, दिवेलागणीपूर्वीं परत यावयाचें हा आमच्या घरचा परिपाठ आहे, आणि तो पाळणारे मुख्य गृहस्थ म्हणजे माझे थोरले बंधू.

घरांत लहानथोर सर्व त्यांना दादा म्हणतात. माझ्याहून ते सतरा वर्षांनीं वडील. अणुकेंद्राची उभारणी चालूं असतांना, 1968 साली, ते तेथें नोकरीस लागले. पहिल्या दोन अणुभट्ट्या 1969 साली सुरू झाल्या, त्या त्यांच्या डोळ्यांदेखत. 2002 साली ते निवृत्त झाले. मला मॅट्रिकपर्यंत शिकविलें त्यांनीं, पुढें संस्कृताच्या अध्ययनासाठीं शास्त्रीबोवांच्या घरीं ठेवलें तेंही त्यांनींच. हें सांगण्याचें कारण पुढें येईल.

दादांची मोटार 1986 सालची प्रीमियर पद्मिनी आहे. ज्यांना ते दिवस आठवतात त्यांना सांगावयास नको कीं त्या काळीं मोटार विकत घेणें म्हणजे नांव नोंदवून तिष्ठत बसणें होय. इटलीच्या फियाट कंपनीची 1100 नांवाची ही गाडी प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यांत 1964 पासून होऊं लागली, 1974 साली तिला पद्मिनी हें नांव मिळालें, आणि 2000 सालच्या सुमारास तिचें उत्पादन थांबलें. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेरीस निवृत्त झाली. आमची मात्र अद्याप चालते. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला आहे, पुढच्या चाकांना गुंडाळी स्प्रिंगा आहेत, आणि मागें बैलगाडीच्या धुरीसारखा एक सलग कणा दोन बाजूंच्या कमानपाट्यांना बांधलेला आहे. पाटे म्हणजे पोलादाच्या लांब पट्ट्या, एकीखालीं एक उतरत्या लांबीनें रचलेल्या. ट्रकचे पाटे सर्वांच्या पाहण्यांत असतात. हे त्यांचेच नाजूक धाकटे भाऊ.

आतां वाटेविषयीं. पालघर सोडलें कीं थोड्याच वेळांत कोळगांव लागतें. तेथें जिल्ह्याच्या मुख्यालयाच्या नव्या इमारती उभ्या आहेत. पालघर जिल्हा ठाण्यापासून निराळा झाला तो 1 ऑगस्ट 2014 रोजीं. पुढें उमरोळी, मग बोईसर. इथवर भाताचीं खाचरें दोन्ही हातांस सोबत करतात आणि रस्ता माणसाशीं माणुसकीनें वागतो. बोईसरपासून मात्र रस्त्याचा स्वभाव पालटतो. वसाहतीकडे जाणाऱ्या-येणाऱ्या अवजड ट्रेलरांवर पोलादाचीं प्रचंड वेटोळीं बांधलेलीं असतात, आणि त्यांच्या चाकांखालीं डांबराला घड्या पडतात. पावसाळ्यांत त्या घड्यांचे खड्डे होतात, खड्ड्यांत पाणी सांचतें, आणि वरून सर्व सपाट दिसतें. त्यांत गतिरोधकांची भर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणें गतिरोधक 3.7 मीटर रुंदीचा, 10 सेंटिमीटर उंचीचा, कांसवाच्या पाठीसारखा सावकाश चढणारा असावा. आमच्या वाटेवरील कित्येक गतिरोधक पाहिले तर कोणी रात्रींतून बांध घातला असावा असें वाटतें. वसाहत ओलांडली कीं पुन्हां झाडी, वाड्या, नारळी, आणि वाऱ्यांत खारटपणा. हा खारटपणा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पाट्यांच्या कथेंत त्याला स्थान आहे.

दोन पावसाळ्यांपूर्वीं असें होऊं लागलें कीं घरचीं पांच माणसें गाडींत बसलीं म्हणजे प्रत्येक गतिरोधकावर तिचें पोट घासे. मागची बाजू खचली होती. दादांची दृष्टि मंदावल्यापासून गाडी चालविण्याचें काम मजकडे आलेलें. तेव्हां उपाय करण्याचा भारही मींच घेतला. एका कारखान्यांत (त्याचें नांव घेण्याचें कारण नाहीं) मला सांगण्यांत आलें कीं, मागें दोन्ही बाजूंस एकेक पाटा वाढवा आणि पुढच्या स्प्रिंगांच्या वेढ्यांमध्यें रबराच्या कड्या बसवा, म्हणजे गाडी चांगली चार बोटें उंच होईल. मीं तसें केलें. गाडी खरोखरच उंच झाली. अंगणांत उभी राहिली म्हणजे नव्या वहाणा घातलेल्या मुलासारखी दिसे. पोट घासणें बंद झालें, आणि मी स्वतःवर प्रसन्न झालों.

गेल्या वर्षीं भाद्रपदांत आम्ही दोघे तारापुरास निघालों होतों. मागच्या आसनावर दादा एकटेच होते. बोईसर सोडून फारसें गेलों नव्हतों. वेग ताशीं चाळीसांच्या आंतच होता. पाण्यानें भरलेला एक खड्डा मला दिसला नाहीं. पुढचें चाक गेलें, मग मागचें गेलें, आणि मागून दादांचा असा आवाज आला कीं जो मीं आयुष्यांत त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. डॉक्टरांनीं चित्र काढून पाहिलें. कमरेचा एक मणका चेपला होता. वयामुळें हाडें विरळ झालेलीं, तेव्हां वरून पडण्याचीही आवश्यकता नव्हती, आसनावरून उडून पुन्हां आसनावर आपटणें एवढें पुरलें. तीन महिने पट्टा बांधून अंथरुणावर. दादा मला एक शब्दही बोलले नाहींत. वहिनीही बोलल्या नाहींत, आणि त्यांचें न बोलणें मला अधिक ऐकूं येई.

पट्टा सुटल्यावर डॉक्टरांनीं मोकळीक दिली ती अशी कीं मोटारींत बसण्यास हरकत नाहीं, परंतु दणका बसतां कामा नये. दादांनीं पहिला प्रश्न केला तो तारापूरचा. मग घरांत सभा भरली. वहिनींचें म्हणणें, गाडी विकून टाकावी. सूनबाईंचें म्हणणें, नवी घ्यावी. माझा पुतण्या वसाहतींतील एका कारखान्यांत अभियंता आहे. त्यानें परदेशी बनावटीच्या, कमीअधिक ताठ करतां येणाऱ्या शॉक अॅब्सॉर्बरांचीं आणि आंखूड ताठ स्प्रिंगांचीं चित्रें दाखविलीं, सोबत मोठ्या व्यासाचीं मिश्रधातूंचीं चाकें. "काका, आज बाजारांत इतकें मिळतें, जुन्यालाच काय कवटाळून बसायचें?" असें तो म्हणाला. दादा एवढेंच म्हणाले, "गाडी माझी आहे. मी तिच्यांतूनच जाईन. काय करावयाचें तें हा ठरवील." हा म्हणजे मी. ज्यानें पाटा वाढविला त्याच्याच हातीं त्यांनीं पुन्हां पाठ सोंपविली.

शाळेंत मीं संस्कृत शिकविलें, यंत्रशास्त्र नव्हे. परंतु या प्रकरणांत मला प्रथम उपयोगी पडलें तें संस्कृतच. जुन्या शालेय पुस्तकांत स्प्रिंगेच्या गुणाला स्थितिस्थापकता म्हटलेलें असे. जी मूळ स्थितीवर पुन्हां स्थापन करते ती. स्प्रिंग गाडीचा भार उचलते आणि धक्का पोटांत घेते. पण घेतलेला धक्का ती गिळून टाकीत नाहीं, परत देते, पुन्हां घेते, पुन्हां देते. हें देणेंघेणें थांबविण्यासाठीं जें दुसरें यंत्र असतें तें शॉक अॅब्सॉर्बर. आमचे मेस्त्री त्याला शॉकअप म्हणतात. त्यांत दट्ट्या असतो, तेल असतें, आणि सूक्ष्म छिद्रांतून तेलाला बळेंच जावें लागल्यामुळें हालचालीचें रूपांतर उष्णतेंत होतें. त्याचें काम शमन करणें, म्हणून त्याला शामक म्हणावें. तो गाडीचा भार उचलीत नाहीं. हा भेद मनांत पक्का झाला म्हणजे अर्धा गोंधळ मिटतो. कारण पुष्कळ लोक गाडी खचली म्हणून शामक बदलतात आणि गाडी डोलते म्हणून पाटे वाढवितात, म्हणजे पोटाच्या दुखण्यावर डोळ्यांत औषध घालतात.

यानंतरचा भाग गणिताचा आहे, पण फार थोड्या. उभ्या गाडीच्या भारानें स्प्रिंग किती दबते त्यावरून गाडी सेकंदास किती हेलकावे घेईल तें सांगतां येतें. 25 सेंटिमीटर दबली तर एक हेलकावा. 11 सेंटिमीटर दबली तर दीड. 6 सेंटिमीटरच दबली तर दोन. सावकाश चालणाऱ्या माणसाच्या पावलांची गति मिनिटास साठ ते नव्वद असते, म्हणजे सेकंदास एक ते दीड, आणि माणसाच्या देहाला तोच झोका मानवतो. उलट, बसलेल्या माणसाचें धड सेकंदास चार ते आठ या कंपाला विशेष प्रतिसाद देतें. तो कंप पाठीच्या कण्याला सर्वांत त्रासदायक. स्प्रिंग जितकी ताठ करावी तितके आपण पावलांच्या झोक्यापासून दूर आणि त्या कंपाच्या जवळ जातों. समजा, गाडीला पांच सारखे पाटे आहेत आणि आपण सहावा घातला, तर ताठपणा पंचमांशानें वाढला. तोही गाडींत पांच माणसें असतांना खपून जाईल. परंतु मागें एकटा सडपातळ वृद्ध बसला असेल, तर पाटे दबावयास भारच नाहीं. गाडी उंच झाली ती याच किंमतीवर.

रबराच्या कड्यांचें तर आणखी वाईट. गुंडाळी स्प्रिंगेचा ताठपणा तिच्या मोकळ्या वेढ्यांवर अवलंबून असतो. सहांपैकीं एक वेढा रबरानें अडविला कीं उरलेले पांचच काम करतात. तारेच्या जाडीचा परिणाम याहूनही तीव्र आहे. तार एक दशांशानें जाड घेतली तर स्प्रिंग जवळजवळ दीडपट ताठ होते. पुतण्यानें दाखविलेल्या स्प्रिंगा दिसावयास आमच्या स्प्रिंगांहून केसभरच जाड होत्या, त्यांतली मेख ही. (तारापूरच्या वसाहतींत पोलादाची तार ओढण्याचा मोठा कारखाना आहे; त्यावरून जातांना आतां मला तारेच्या जाडीबद्दल निराळाच आदर वाटतो.) पुढची बाजू ताठ करणें हें आणखी एका कारणानें अयोग्य. मॉरिस ऑली नांवाचा इंग्रज अभियंता रोल्स-रॉइस कंपनी सोडून 1930 साली अमेरिकेंत कॅडिलॅककडे गेला आणि तेथें त्यानें प्रयोगांनीं दाखविलें कीं, पुढच्या स्प्रिंगा मागच्यांहून मऊ असाव्यात. खड्डा पुढच्या चाकाला आधीं लागतो, मागच्याला मागाहून; मागचा झोका किंचित् जलद असेल तर तो पुढच्याला गांठतो आणि गाडी सपाट वरखालीं होऊन शांत होते. तसें नसेल तर ती घोड्यासारखी नाक उडवीत राहते. आमची उडवीत होती.

मोठ्या चाकांचा विचार मीं फार वेळ केला नाहीं. टायरांतील हवा ही गाडीची पहिली कमान होय, आणि ती फुकट मिळते. चाकाचा धातु वाढला कीं रबराची उंची घटते आणि ही कमान आंखूड होते. शिवाय 1988 च्या मोटार वाहन कायद्याचें 52 वें कलम नोंदणीपुस्तकांतील मूळ वर्णनाशीं विसंगत फेरफार करूं देत नाहीं, आणि सर्वोच्च न्यायालयानें 2019 च्या जानेवारींत तें स्पष्ट केलें आहे. पंधरा वर्षें उलटलेल्या गाडीची नोंदणी दर पांच वर्षांनीं पुन्हां तपासणीस न्यावी लागते. चाळिशीस आलेल्या गाडीनें परीक्षकापुढें विचित्र पोशाखांत कां जावें?

एवढें वाचून झालें तरी गाडीखालीं शिरणारा माणूस हवाच होता. तो बोईसरला भेटला. मुंबईंत टॅक्सी दुरुस्तीचें काम आयुष्यभर करून आतां मुलाजवळ येऊन राहिलेले वृद्ध मेस्त्री. सत्तरी ओलांडलेली, पण बत्ती घेऊन गाडीखालीं सरकले ते तरुणासारखे. त्यांनीं आधीं चारही कोपरे एकेक करून दाबून सोडले. चांगला शामक असेल तर कोपरा वर येऊन किंचित् खालीं बसतो आणि थांबतो. आमचा मागचा डावा कोपरा चार वेळां डोलला. मग त्यांनीं मला खालीं बोलावलें. पाट्यांच्या टोकांच्या डोळ्यांतील रबरी बुश कुजून भुगा झाले होते, लोखंड लोखंडावर घासत होतें. पाट्यांच्या मधल्या फटींत गंजाचा थर बसून ते एकमेकांस चिकटले होते. एका शामकांतून तेल पाझरून धूळ बसली होती.

"मास्तर," ते म्हणाले, "ह्या गाडीला पाटा कमी नव्हता. पाटे हालतच नव्हते. खाऱ्या हवेनं धरलेत. चिकटलेल्या पाट्यांवर अजून एक पाटा घातला म्हणजे पाटा कुठं राहिला, तो ओंडकाच झाला."

मीं विचारलें, "मग ती खचली कशानें?"

"चाळीस वर्षं झाली तिला. तुमची कंबर वाकली नाय काय?"

हें मला पटलें, आणि लागलेंही. सहा महिन्यांपूर्वीं कोणी गाडी उंच करण्याआधीं ती कां खचली एवढा प्रश्न केला असता तर! निदान मी तरी करावयास हवा होता. वर्गांत मुलगा चुकला कीं कोठें चुकला तें पाहिल्याशिवाय शिक्षा करूं नये, हें मी इतरांस सांगत आलों होतों.

त्यांच्या सांगण्यावरून मी कुर्ल्यास गेलों. सी.एस.टी. मार्गावरील जुन्या मोटारींच्या सुट्या भागांचीं दुकानें प्रसिद्धच आहेत. ज्या कुर्ल्यांत ही गाडी जन्मली त्याच कुर्ल्यांत तिचे अवयव शोधीत हिंडण्याचा योग आला. टॅक्सी गेली तशी या मालाची मागणीही आटली आहे, एका दुकानदारानें बुश मागतांच वर न पाहतां विचारलें, "कुणाची आठवण जपतां?" दोन दिवसांत बुश मिळाले, शेंगदाण्याच्या आकाराचे नव्हेत कीं चिंचोक्याच्या आकाराचे नव्हेत, नेमके हवे तसे, पाट्यांच्या झुलत्या कड्या मिळाल्या, पेंच पडला तो शामकांच्या निवडीचा. वायु भरलेले आधुनिक शामक मिळत होते आणि केवळ तेलाचे जुन्या मापाचेही. वायूची कल्पना फ्रेंच अभियंता द कार्बन याची. तेल फार वेळ घुसळलें कीं त्याला फेंस येतो आणि शामक पोकळ पडतो. दाबलेला नायट्रोजन फेंस होऊं देत नाहीं. पुतण्यानें फोनवर हेंच सांगितलें, आणि तो चुकत नव्हता. अहमदाबाद महामार्गावर तासन् तास वेगानें जाणाऱ्यानें तेच घ्यावे. परंतु त्या दाबामुळें दांडा नेहमीं बाहेर ढकलला जातो, आणि हलक्या जुन्या गाडींत लहान लहान खांचांवर तो ताठपणा अंगास जाणवतो. आमची वाट ताशीं तीस किलोमीटरांची, लहान खांचांची, आणि आसनावर एक चेपलेला मणका. मीं तेलाचे, मूळ मापाचे घेतले. चारही, कारण एक नवा आणि एक जुना अशी जोडी लंगड्यासारखी चालते. परदेशी संचाची किंमत माझ्या दोन महिन्यांच्या निवृत्तिवेतनाहून अधिक होती, हेंही प्रांजळपणें नमूद करतों. तथापि स्वस्त असते तरी मीं ते घेतले नसते.

मेस्त्रींनीं वाढीव पाटे आणि रबराच्या कड्या काढल्या. मूळ पाटे सुटे करून, घांसून, त्यांची गेलेली कमान पुन्हां भरून घेतली आणि प्रत्येक दोहोंमध्यें ग्रॅफाइटमिश्रित ग्रीस भरलें. शेवटीं पुढच्या चाकांचे कोन पाहून घेतले. मागची बाजू उंच झाली होती तेव्हां तेही बिघडले होते आणि स्टिअरिंग सैरभैर धांवे, तें मीं रस्त्याच्या माथीं मारीत होतों.

दादांना बसविण्यापूर्वीं मला परीक्षा घ्यावयाची होती. दुरुस्तीच्या आधीं मीं एक युक्ति केली होती. मागच्या आसनावर, दादा बसतात त्या ठिकाणीं, तांदळाचें पोतें ठेवून त्याला टेकून कांठापासून दोन बोटें खालीं भरलेलें पाण्याचें पातेलें परातींत ठेवलें, आणि पालघर ते तारापूर गाडी नेली. परातींत तीन फुलपात्रीं पाणी सांडलें होतें. आतां तेंच पोतें, तेंच पातेलें, तोच वेग. एक फुलपात्र भरलें नाहीं. मग मेस्त्रींच्या सल्ल्यानें टायरांतील हवा, जी मी सवयीनें जास्त भरीत असें, कारखान्यानें सांगितलेल्या अंकावर आणली आणि पुन्हां गेलों. परात नुसती ओली झाली. वहिनी हा सर्व खटाटोप ओट्यावरून पाहत होत्या. तिसऱ्या दिवशीं त्या म्हणाल्या, "भाऊजी, आतां पातेलें धुऊन द्या. आणि त्यांना न्या."

गतिरोधकावर पोट घासण्याचा प्रश्न मात्र पूर्ण सुटलेला नाहीं. कमान भरल्यानें गाडी दोन बोटें वर आली, चार नव्हे. पांच माणसें बसलीं तर उमरोळीपुढच्या एका गतिरोधकावर अजून ती घासते. तेथें दोघांनीं उतरून चालावें असें ठरलें आहे. पुतण्या हंसतो, पण उतरतो.

मार्गशीर्षांत दादांना घेऊन निघालों. पाठीशीं उशी, कमरेला पट्टा. शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत हरणाच्या मागें लागलेल्या राजाला सारथी सांगतो कीं जमीन उंचसखल होती म्हणून लगाम आंवरून रथ मंद केला. जमिनीला त्यानें उद्घातिनी असा शब्द योजला आहे, म्हणजे उसळविणारी. पस्तीस वर्षें मीं तो शब्द मुलांना फोडून सांगितला आणि पुढें गेलों. सातव्या अंकांत मातलीचा रथ उतरतो तेव्हां चाकांचा आवाज नाहीं, धूळ नाहीं, धक्का नाहीं, कारण तो भुईला शिवतच नाहीं. तें इंद्राचें वाहन. आमच्यासारख्यांना पहिल्या अंकांतल्या सारथ्याचाच मार्ग मोकळा. बोईसर गेल्यावर मीं वेग पंचवीसांवर आणला. मागें ट्रेलरांनीं भोंगे वाजविले, वाजवोत बापडे.

ज्या ठिकाणीं भाद्रपदांत तो खड्डा होता तेथें आतां खडी भरून डांबर टाकलें आहे. मला जागा ओळखूं आली. दादांनाही आली असावी, कारण त्यांनीं आसनाची कड धरली. गाडी किंचित् खालीं गेली, वर आली, थांबली. त्यांनीं हात सोडला. 2018 च्या नोव्हेंबरापासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे हादरे बसूं लागले तेव्हां ते म्हणत, "आमच्या रस्त्यानें रोज जाणाऱ्याला हा काय दणका!" तो विनोद त्या दिवशीं त्यांनीं पुन्हां केला, आणि वर्षभरांत प्रथमच केला. वसाहत मागें पडली, नारळी सुरू झाल्या, आणि आरशांत पाहतों तों ते डोळे मिटून बसले होते. प्रथम मी दचकलों. मग घोरण्याचा आवाज आला.

तारापूरच्या अंगणांत गाडी थांबल्यावर माझा हात न घेतां ते उतरले, मागें गेले, मागच्या डाव्या कोपऱ्यावर दोन्ही तळहात टेकून त्यांनीं तो दाबला आणि सोडला. एकदां वर, किंचित् खालीं, स्तब्ध. "ह्यांत काय काय घातलेंस?" त्यांनीं विचारलें. घातलें त्याहून काढलें अधिक, असें मीं सांगितलें. कोणता पाटा काढला तें त्यांनीं विचारलें नाहीं. "चहा टाक," म्हणाले.

ते दोन वाढीव पाटे बरेच दिवस पालघरच्या अंगणांत पडून होते. भंगारवाल्यास देण्याऐवजीं लोहाराकडे नेले. पाट्याच्या पोलादाचा कोयता उत्तम होतो हें कोंकणांत कोणासही ठाऊक आहे. एक कोयता तारापूरच्या घरीं खुंटीला आहे, नारळ सोलावयास. दुसरा वहिनींनीं ठेवून घेतला. त्याची धार फारच चांगली आहे असें त्या म्हणतात.